साष्टीच्या खाड्यांवरील आश्रयधर्म

(१)

साष्टी बेटाचा इतिहास लिहितांना आजवर बहुधा किल्ले, तह व मोहिमा यांचाच क्रम लावला गेला आहे. इ. स. १५३४ त गुजराथच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे, १७३७ ते १७३९ त पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आणि १७७४ च्या अखेरीस मराठ्यांकडून इंग्रजांकडे, असा सत्तांतरांचा हिशेब एकदां मांडला कीं बेटाचा इतिहास पुरा झाला, अशी समजूत दिसते. परंतु प्रत्येक सत्तांतराच्या वेळीं खाडी ओलांडून गेलेलीं व आलेलीं माणसें, त्यांना पलीकडच्या तीरावर मिळालेली वागणूक आणि त्या वागणुकीचा खर्च कोणीं सोसला हा प्रश्न, यांचा स्वतंत्र विचार क्वचितच झाला आहे. तो प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर हीं आज मुंबईचीं उपनगरें होत. रेल्वेच्या डब्यांतून उतरणाऱ्यास तीं कधीं काळीं सीमेवरील खेडीं होतीं हें सांगूनहि खरें वाटणार नाहीं. पण साष्टीच्या दक्षिणेस माहीम व शीव यांच्या खाड्या, पूर्वेस ठाण्याची खाडी व उत्तरेस वसईची खाडी, असें हें बेट चोहोंकडून पाण्यानें वेढलेलें होतें. १६६५ त मुंबई बेट इंग्रजांच्या ताब्यांत गेल्यापासून माहीमच्या खाडीच्या एका तीरावर इंग्रज व दुसऱ्या तीरावर पोर्तुगीज अशी स्थिति झाली. ठाण्याच्या खाडीपलीकडे कल्याण-भिवंडीचा मुलूख. तो अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत मराठ्यांकडे आला. ज्या गांवांतून अर्ध्या भरतीच्या अंतरावर दुसऱ्याचें राज्य लागतें, त्या गांवाला आश्रित ही कथेंतली वस्तु नसते. तो आज ना उद्यां दारांत उभा राहतो. आणि परवां आपणांसच दुसऱ्याच्या दारांत उभें राहावें लागतें.

निर्वासित हा शब्द आपल्या तोंडीं रुळला तो मुख्यतः १९४७ नंतर. जुन्या कागदांत गांव सोडून गेलेल्या रयतेस परागंदा म्हणत. परमुलखांतून येऊन वस्ती करणाऱ्यास मिरासी हक्क नसे, तो उपरी. अशास दिलेलें अभयाचें लेखी वचन म्हणजे कौल. आणि पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्याकडून पहिलीं कांहीं वर्षें हलका व पुढें क्रमानें चढता सारा घेण्याचा ठराव म्हणजे इस्तावा. या चार शब्दांतच आश्रयाच्या सर्व पायऱ्या आल्या आहेत. माणूस परागंदा होतो, कौल घेऊन येतो, इस्ताव्यानें जमीन कसतो, आणि तरीहि पिढ्यान् पिढ्या उपरीच राहूं शकतो.

यावरून आश्रयधर्माच्या तीन कसोट्या ठरतात. पहिली अभयाची: आलेल्यास आंत घेतलें कीं नाहीं. दुसरी जागेची: त्यास पाय ठेवावयास भूमि मिळाली काय, व ती कोणाच्या वांट्यांतून दिली. तिसरी ठेवीची: त्यानें मागें सोडलेलें किंवा विश्वासानें हवालीं केलेलें जें असेल तें राखलें काय, व योग्य वेळीं परत केलें काय. पहिल्या कसोटीस उतरणारे इतिहासांत पुष्कळ सांपडतात, कारण अभय देण्यांत बहुधा देणाऱ्याचाहि लाभ असतो. दुसरी अवघड. तिसरीस उतरणारे विरळा. आणि माझ्या मतें खरा आश्रयदाता कोण हें तिच्यावरूनच ओळखावें.

(२)

साष्टींतील सर्वांत जुना लेखी पुरावा या दृष्टीनें पाहतां बोरिवलीजवळील कान्हेरीच्या डोंगरांत मिळतो. तेथील ९० व्या लेण्यांत पहलवी भाषेंत कोरलेले लेख आहेत. त्यांत यज्दगर्दी सन ३७८ व ३९०, म्हणजे इ. स. १००९ व १०२१ या वर्षीं तेथें आलेल्या मझ्दयस्नी मंडळीचीं नांवें दिलीं आहेत. एकोणिसाव्या शतकांत वेस्ट यांनीं त्यांचें वाचन प्रसिद्ध केलें. लेख साधे आहेत. अमुक साल, अमुक दिवस, अमुक नांवें, एवढेंच. परंतु इराणांतील धर्म सोडावयाचा नाहीं म्हणून देश सोडलेल्या समाजाचे लोक उत्तर कोंकणांत निर्भयपणें हिंडत होते, बौद्धांच्या लेण्यांत जाऊन आपल्या भाषेंत व आपल्या सनांत नांवें कोरीत होते, इतकें त्यांवरून निःसंशय ठरतें. समकालीन शिलालेखाचें हें मोल मोठें आहे.

याच समाजाच्या आगमनाची सविस्तर कथा मात्र फार मागाहूनची आहे. ‘किस्से संजाण’ हें फारसी काव्य नवसारीच्या बहमन कैकोबाद यानें १५९९ च्या सुमारास रचलें. म्हणजे घटना व ग्रंथ यांत अनेक शतकांचें अंतर. दुधांत साखर विरघळवून दाखविल्याची जी गोष्ट आज सर्वतोमुखीं आहे, ती या ग्रंथांत नाहीं. ती पुढील काळची भर होय. ग्रंथांत आहे तें याहून रुक्ष पण अधिक विचारार्ह आहे. सशस्त्र परकी लोक पाहून राजा जादी राणा साशंक झाला आणि त्यानें अटी घातल्या: आपला धर्म समजावून सांगावा, देशाची भाषा स्वीकारावी, स्त्रियांनीं येथील वेष करावा, शस्त्रें ठेवावीं, विवाह सायंकाळीं करावे. आलेल्यांनीं त्या मान्य केल्या. मग त्यांना वस्तीसाठीं जागा मिळाली, व त्यांनीं रान साफ करून संजाण वसविलें.

हा एक प्रकारचा कौलच होय. त्यांत दोन्ही पक्षांची भीति स्पष्ट दिसते, आणि ती लपविलेली नाहीं हा त्याचा गुण. पुढील भाग त्याहून महत्त्वाचा. मुसलमानी फौज संजाणावर आली तेव्हां पारशी लोक अर्देशिराच्या नेतृत्वाखालीं हिंदु राजाच्या बाजूनें लढले; पराभवानंतर ते पवित्र अग्नि घेऊन बाहरोटच्या डोंगरांत बारा वर्षें राहिले, असें किस्सेकार सांगतो. बाहरोट आजच्या पालघर जिल्ह्यांत डहाणू तालुक्यांत आहे. ज्यांना एकदां शस्त्रें ठेवावयास लावलीं, त्यांनीं वेळ आल्यावर आश्रयदात्यासाठीं शस्त्रें धरलीं. हा ऋणफेडीचा विचार ग्रंथकारानें मुद्दाम नोंदला आहे.

तथापि संशोधकानें येथें एक गोष्ट विसरूं नये. हा ग्रंथ आश्रितांचा आहे. आश्रय देणाऱ्या गांवांची बाजू सांगणारा एकहि कागद त्याच्या जोडीस नाहीं. आश्रितांच्या बखरींत जें ‘रान’ म्हणून येतें, तें कोणाचें तरी गुरचरण, कोणाची तरी लांकूडफांट्याची जागा असण्याचा संभव नेहमींच असतो. हेंच न्यून आपल्या घरच्या ग्रंथांतहि आहे. राजवाड्यांनीं १९२४ त प्रसिद्ध केलेली ‘महिकावतीची बखर’ ही उत्तर कोंकणाच्या इतिहासाचें अमोल साधन होय. बिंब राजाबरोबर सासष्ट कुळें आलीं, त्यांचे वंश, गोत्रें व वतनें तींत बारकाईनें दिलीं आहेत. पण तीं येण्यापूर्वींच येथें असलेले कोळी, आगरी, वारली यांना तींत स्वतःचा शब्द नाहीं. जागा कोणीं दिली हें बखर सांगते. कोणाची दिली हें सांगत नाहीं.

शिबि राजाची कथा सर्वांस ठाऊक आहे. शरण आलेल्या कपोताचें रक्षण करण्यासाठीं त्यानें ससाण्यास स्वतःचें मांस तोडून दिलें. पुराणकारांनीं आश्रयधर्माचा आदर्श म्हणून ही कथा सांगितली, ती एवढ्याचसाठीं कीं मांस स्वतःचें होतें. इतिहासांतील राजे अभय स्वतःच्या मुद्रेनें देतात. मांस मात्र पुष्कळदां तिसऱ्याच्या अंगाचें असतें. पुढील सर्व प्रकरणांत हा भेद ध्यानांत ठेवावा लागेल.

(३)

१५३४ च्या तहानें वसई व तिच्या खालील मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. थोड्याच वर्षांत आंतोनियु दु पोर्तु या फ्रान्सिस्कन साधूनें बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर लेण्यांत ख्रिस्ती देवालय स्थापिलें; तेथील जोगी निघून गेले व देवस्थानाचें उत्पन्न नव्या विद्यालयाकडे लागलें. कान्हेरीच्या एका मोठ्या चैत्यालाहि तीच गति प्राप्त झाली. जोगी कोठें गेले, त्यांस कोणीं ठेवून घेतलें, याचा माग उरलेला नाहीं. मागें राहिल्या त्या भिंती व छिन्न मूर्ति.

ज्यांचा माग लागतो अशांचें उदाहरण आपणांस दुसऱ्या एका साष्टींत मिळतें. मुंबईजवळची साष्टी व गोमंतकांतील साष्टी हीं दोन्ही नांवें सासष्ट गांवांवरून पडलीं, आणि दोन्ही प्रदेश एकाच शतकांत पोर्तुगीजांच्या धर्मधोरणाखालीं आले. म्हणून ही तुलना अप्रस्तुत नाहीं. गोमंतकाच्या साष्टींतील देवालयें मोडण्याचा क्रम १५६० च्या दशकांत चालूं असतां कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेरण्याची म्हाळसा या देवता भक्तांनीं रात्रीं नदीपार करून अंत्रुज महालांत नेल्या. अंत्रुज तेव्हां आदिलशाहींत होता. म्हणजे हिंदु देवतांस आश्रय मिळाला तो एका मुसलमान सुलतानाच्या हद्दींत; आणि प्रत्यक्ष जागा दिली ती प्रियोळ, कवळें, म्हार्दोळ येथील गांवकऱ्यांनीं. देवतांनीं आपलीं नांवें बदललीं नाहींत. प्रियोळच्या त्या भागालाच मंगेशी म्हणूं लागले. आश्रित आपली ओळख न टाकतां आश्रयदात्याच्या गांवाला नवें नांव देतो, हें जागेच्या कसोटीचें उत्तम उदाहरण होय.

ठाण्याच्या साष्टींतहि असेंच स्थलांतर झालें, पण तें खाडीपलीकडे कल्याणाकडे. पोर्तुगीज अंमलांतील हिंदु वतनदारांवर जी सक्ति झाली, तिला कंटाळून अंजूरचे गंगाजी नाईक व त्यांचे बंधु, तसेच मालाडचे अंताजी रघुनाथ, हे मराठ्यांच्या आश्रयास आले व पेशव्यांकडे दाद मागूं लागले. ‘साष्टीची बखर’ या मंडळीच्या धडपडीचें रसभरित वर्णन करते. बखर ही मागाहूनची व एका पक्षाची आहे हें मान्य करूनहि मूळ गोष्ट खोटी ठरत नाहीं, कारण अंजूरकर नाइकांच्या कामगिरीला पेशव्यांच्या मोहिमेंत स्वतंत्र स्थान आहे.

येथें नैतिक प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. या आश्रितांनीं केवळ ठावठिकाणा मागितला नाहीं. सोडून आलेली भूमि परत मिळवून द्या, अशी मागणी केली. आश्रय देणारा अशा वेळीं युद्धांत ओढला जातो. पेशव्यांनीं ती मागणी ऐकली ती धर्मरक्षणासाठीं कीं ठाण्याची खाडी, मिठागरें व बंदरें हातीं यावींत म्हणून, असा प्रश्न पोर्तुगीज इतिहासकार विचारतात. मराठी इतिहासकार पहिलेंच कारण मोठें धरतात. दोन्ही कारणें एकाच वेळीं खरीं असूं शकतात. आश्रयाची कृति ही हेतूच्या निर्मळपणावर तोलूं गेल्यास इतिहासांत एकहि आश्रयदाता उरणार नाहीं. ती तोलावी लागते परिणामावर: विजय मिळाल्यानंतर, आतां ज्यांच्यावर परागंदा होण्याची पाळी आली, त्यांच्याशीं विजेता कसा वागला.

इंग्रजांचा हेतु तर त्यांनीं लपविलाहि नाहीं. ओसाड व रोगट अशा मुंबई बेटावर वस्ती वाढावी म्हणून आंजियर यानें शेजारच्या मुलखांतील व्यापारी व कारागीर यांस धर्मस्वातंत्र्याचीं आश्वासनें दिलीं. १६७७ त दीवचा वाणी निमा पारख यास करून दिलेला करार त्याच धोरणांतला. पोर्तुगीज दीवांतून येणाऱ्या या व्यापाऱ्यानें आपल्या जातीच्या लोकांस धर्माचरणाची मोकळीक राहावी हें आधीं लिहून घेतलें आणि मगच पाऊल टाकलें. अभयाचा शब्द तोंडी न घेतां कागदावर घ्यावा, हें शहाणपण सीमेवरच्या माणसास अनुभवानें येतें.

(४)

१७३७ च्या मार्च-एप्रिलांत मराठ्यांनीं ठाणें घेतलें व साष्टीचा बहुतेक भाग त्यांच्या हातीं आला. वेसावें, धारावी हे किल्ले १७३९ च्या आरंभीं पडले. वसईचा वेढा त्याच वर्षीं मे महिन्यापर्यंत चालला. या दोन वर्षांत माहीमची खाडी ही खऱ्या अर्थानें आश्रितांची खाडी झाली. पूर्वीं जे राज्यकर्ते होते ते, त्यांचे धर्मगुरु व घरंदाज कुटुंबें आतां इंग्रजांच्या तीरावर उतरूं लागलीं.

मुंबईकरांनीं त्यांना कसें वागविलें? नोंदी दुहेरी आहेत. एकीकडे त्यांनीं दाणागोटा व दारूगोळा पुरविला; दुसरीकडे वसईस पंधरा हजार रुपये कर्ज दिलें तें देवळांतील चांदीचीं भांडीं व पितळी तोफा तारण घेऊन. वांद्र्याचा किल्ला मराठ्यांच्या हातीं लागूं नये म्हणून तो सुरुंगानें उडविला, तेंहि आपल्याच बेटाच्या रक्षणासाठीं. त्याच वर्षीं मुंबईच्या कोटाभोंवतीं खंदक खणण्याचें काम निघालें व त्यासाठीं शहरांतील व्यापाऱ्यांनीं तीस हजार रुपयांची वर्गणी दिली. जुलैंत इंचबर्ड यानें वसईस जाऊन चिमाजीअप्पांशीं तहहि केला. म्हणजे आश्रितांस घरांत घेणें, त्यांच्याकडून तारण घेणें, त्यांच्या शत्रूच्या भीतीनें खंदक खणणें आणि त्याच शत्रूशीं तह करणें, या चारहि गोष्टी एका वर्षांत घडल्या. यांस निव्वळ ढोंग म्हणणें सोपें आहे. परंतु सीमेवरील दुर्बळ सत्तेचा आश्रय हा असाच असतो. ती दार उघडते, पण एक हात अडण्यावर ठेवून.

आतां विजेत्याकडे पाहूं. १६ मे १७३९ रोजीं वसईच्या पोर्तुगीजांनीं शरणागति पत्करली. चिमाजीअप्पांनीं मान्य केलेल्या कलमांत सैन्यास शस्त्रें व वाद्यें यांसह बाहेर पडूं देणें, नागरिकांस कुटुंबें व चीजवस्तु घेऊन निघूं देणें, आणि जे ख्रिस्ती लोक स्वखुषीनें राहतील त्यांस धर्माचरणाची मोकळीक, या गोष्टी होत्या. वेढ्यांत मराठ्यांचें मनुष्यबळ अतोनात खर्ची पडलें होतें, ही गोष्ट लक्षांत घेतां या कलमांचें मोल वाढतें. २३ मे रोजीं पोर्तुगीज वसईंतून बाहेर पडले; इंग्रजांनीं गलबतें दिलीं; पुष्कळांनीं पावसाळा मुंबईंत काढला व मग ते गोव्याकडे गेले.

पण गेले कोण? ज्यांना गलबत मिळालें ते. सरदार, पाद्री, सैनिक. साष्टीच्या गांवांतून राहणारे कोळी, भंडारी, कुणबी, ज्यांच्या आज्या-पणज्यांनीं दीड-दोनशें वर्षांपूर्वीं ख्रिस्ती धर्म घेतला होता, त्यांना गोव्यांत जागा नव्हती व मुंबईंत भांडवल नव्हतें. ते आपल्या भातखाचरांपाशीं व जाळ्यांपाशींच राहिले. पुढें १८८७ त ज्यांनीं आपणांस ईस्ट इंडियन हें नांव घेतलें, तो हा समाज. त्यांची बोली मराठीच राहिली. आश्रयधर्माची परीक्षा पळून गेलेल्यांच्या बाबतींत जितकी होते, तितकीच मागें राहिलेल्यांच्या बाबतींतहि होते. कारण मागें राहणारा हा आपल्याच घरांत नव्या धन्याचा आश्रित होतो.

या परीक्षेंत मराठी अंमल एकंदरीनें उतरला असें म्हणावें लागतें. युरोपियन धर्मगुरु निघून गेले, पुष्कळ देवळें ओस पडलीं, मंडपेश्वराचीं लेणीं पुन्हां हिंदूंच्या उपासनेकडे आलीं. तथापि एतद्देशीय पाद्री राहिले, व उपासना चालूं राहिली. १७६० त कान्हेरी पाहावयास आलेला फ्रेंच प्रवासी आंकेतिल द्युपेराँ यानें साष्टींतील ख्रिस्ती लोक आपले सण मोकळेपणानें व थाटानें करीत असल्याचें नोंदून ठेवलें आहे. तो मराठ्यांचा आश्रित नव्हता व पोर्तुगीजांचा वकीलहि नव्हता. म्हणून त्याची साक्ष वजनदार आहे.

(५)

तिसऱ्या, म्हणजे ठेवीच्या कसोटीकडे वळतांना दोन वस्तूंचा इतिहास शेजारीं शेजारीं ठेवून पाहावा.

पहिली वस्तु घंटा. वसईच्या मोहिमेंत पोर्तुगीज देवळांतील घंटा मराठ्यांच्या हातीं लागल्या व त्या दूरदूरच्या देवालयांतून टांगल्या गेल्या. नाशिकास गोदातीरीं नारोशंकराच्या देवळावरील घंटा व भीमाशंकरची घंटा या प्रसिद्धच आहेत. त्या लूट म्हणून आल्या, विजयचिन्ह म्हणून राहिल्या. त्यांचा नाद गोड आहे यांत संशय नाहीं. पण त्या ज्यांच्या होत्या त्यांच्याकडे परतल्या नाहींत.

दुसरी वस्तु वांद्र्याच्या टेकडीवरील मातेची मूर्ति, जिला कोळी लोक मोत माउली म्हणतात. १७३९ त वांद्र्याचें देऊळ निराधार झालें तेव्हां ही मूर्ति खाडीपार करून माहीमच्या सेंट मायकेलच्या देवळांत नेण्यांत आली. ती तेथें बावीस वर्षें राहिली. वांद्र्यास नवें देऊळ बांधून झाल्यावर १७६१ त ती परत आपल्या टेकडीवर गेली.

या घटनेचा अर्थ नीट पाहावा. १७६१ त वांद्रें मराठ्यांकडे होतें, व त्यानंतर तेरा वर्षें राहिलें. जिच्या भयानें मूर्ति हलवावी लागली तीच सत्ता अजून तेथें होती. आणि तिच्याच अमलाखालीं नवें देऊळ उभें राहिलें व मूर्ति परतली. त्याच वर्षाच्या जानेवारींत पानिपतावर मराठ्यांवर जो प्रलय कोसळला, त्याच्या गदारोळांत साष्टीच्या एका टेकडीवरील ही शांत घटना कोणाच्या बखरींत येण्याजोगी नव्हती. परंतु तींत तीन पक्षांनीं आपापलें कर्तव्य केलें आहे. माहीमकरांनीं ठेव राखली; बावीस वर्षांत ती आपलीच आहे असें म्हटलें नाहीं. वांद्रेकरांनीं ती विसरली नाहीं. आणि मराठी अंमलदारांनीं ती येऊं दिली. गोमंतकांतील देवता साडेचार शतकांनंतरहि अंत्रुजांतच आहेत. वसईच्या घंटा नाशिकांत आहेत. मोत माउली मात्र घरीं परतली. आश्रयाची परिपूर्ति कशांत होते हें या एका उदाहरणावरून कळतें. जो आश्रित हवा असतां परत जाऊं शकतो, आणि जो राहूं इच्छितो तो स्वतःच्या नांवानें राहूं शकतो, त्याच्या बाबतींतच धर्म पुरा झाला. या टेकडीवर भाद्रपदाच्या सुमारास भरणाऱ्या जत्रेस आजहि हिंदु कोळी नवस फेडावयास जातात. ठेवीचें व्याज म्हणावें तर तें असें.

(६)

खाडीची सीमा पुढें नाहींशी झाली. १७८२ च्या सालबाईच्या तहानें साष्टी इंग्रजांकडे कायम झाली. शीवेस बांध पडला. १८४५ त लेडी जमशेटजी जिजीभाई यांच्या दानांतून झालेला माहीमचा रस्ता खुला झाला. आश्रितांच्या वंशांतील एका पारशी स्त्रीनें आश्रितांच्या खाडीवर पूल बांधावा, ही गोष्ट या विषयाच्या अभ्यासकास सहज स्मरणांत राहण्याजोगी आहे.

परंतु सीमा गेली तरी आश्रित संपले नाहींत. १९४७ च्या फाळणीनंतर कराचीहून गलबतांनीं सिंधी कुटुंबें मुंबई बंदरांत उतरलीं, पंजाबी कुटुंबें आगगाड्यांनीं आलीं, व चेंबूर, मुलुंड, कल्याण येथें त्यांच्या छावण्या पडल्या. कल्याणच्या लष्करी बराकींना १९४९ त उल्हासनगर हें नांव मिळालें. कोल्हापूरजवळ वळिवडें येथें १९४३ पासून सुमारें पांच हजार पोलिश आश्रितांची वसाहत होती. ते गेल्यावर त्याच जागेंत सिंधी कुटुंबें आलीं व तिचें गांधीनगर झालें. एका आश्रितानें सोडलेल्या छपराखालीं दुसरा आला. या लोकांनीं आपल्या कष्टानें बाजारपेठा, शाळा व विद्यालयें उभारलीं, हें सर्वांस विदितच आहे.

येथेंहि तोच जुना प्रश्न विचारला पाहिजे. अभय सरकारनें दिलें. जागा कोणाची गेली? उपनगरांतील आगरी, कोळी, ईस्ट इंडियन गांवठाणांच्या शेतजमिनी व मिठागरें विसाव्या शतकांत हळूहळू शहराच्या पोटांत गेलीं. त्यांचें कारण एकटे आश्रित नव्हेत. गिरण्या, रेल्वे, गृहबांधणी हीं कारणें त्यांहून मोठीं. पण गांवठाणाच्या म्हाताऱ्या माणसास हा भेद सांगून समाधान होत नाहीं. त्याच्या मनांत जी कटुता राहते ती आश्रिताविरुद्ध वळते, वास्तविक ती वळावी मोबदला बुडविणाऱ्याकडे. आश्रय देणाऱ्या राज्याचें पहिलें ऋण आश्रिताचें असेल. पण दुसरें, आणि सहसा न फेडलें जाणारें, ऋण हें ज्या गांवानें जागा दिली त्याचें असतें. निर्वासितांच्या हक्कांसंबंधीं १९५१ त जो आंतरराष्ट्रीय करार झाला त्यावर भारतानें सही केलेली नाहीं. म्हणजे हा व्यवहार अद्यापि कौलासारखाच, प्रसंग पाहून व सत्ताधीशाच्या मर्जीवर, चालतो. अशा स्थितींत लोकांची स्मृति हाच एक कायदा उरतो, आणि ती स्मृति शाबूत ठेवण्याचें काम इतिहाससंशोधकाचें आहे.

म्हणून शेवटीं जुने कागद जमविणाऱ्या वाचकांस कांहीं सांगणें आहे. आश्रित जें बरोबर आणतो त्यांत दागिने थोडे व कागद पुष्कळ असतात: सोडून आलेल्या जमिनीचे दाखले, पोथ्या, व्यापाराच्या वह्या. सिंधी व्यापाऱ्यांच्या जुन्या वह्या खुदाबादी वळणाच्या लिपींत असत. ती वाचणारे आतां फार थोडे राहिले आहेत. साष्टीच्या ख्रिस्ती गांवांतून बाप्तिस्म्याच्या व लग्नांच्या जुन्या नोंदी, घरोघर जुने मराठी व पोर्तुगीज कागद आहेत. अंजूर-कल्याणकडील वतनदार घराण्यांचे दप्तर आहे. हें सर्व वेगानें रद्दींत जात आहे. तें वांचविणें अवश्य. पण कसें वांचवावें यासहि धर्म आहे. अडलेल्या घरांतून कवडीमोलानें कागद उचलणारा संग्राहक हा घंटा नेणाऱ्यांपैकीं होय. कागदाबरोबर तो कोणाच्या घरांतून, कोणत्या वर्षीं, कोणत्या गांवाहून आला याची नोंद ठेवणें. घराण्यास नक्कल देणें. आणि घराण्यानें मागितल्यास मूळ कागद परत करणें, हे तीन नियम पाळणारा संग्राहक माहीमच्या देवळासारखा विश्वस्त होय.

तसेंच शोध घेतांना दोन्ही तीरांचे कागद एकत्र ठेवण्याचा प्रघात पाडावा. आश्रितांची बखर मिळाली कीं आश्रय देणाऱ्या गांवाचे पाहणीखर्डे शोधावे. सरकारी कौल मिळाला कीं ज्याची जमीन त्यांत गेली त्याची तक्रार शोधावी. एका तीराच्या कागदांवर लिहिलेला आश्रयाचा इतिहास हा स्तुति तरी होतो किंवा फिर्याद तरी होते. साष्टीच्या खाड्या आतां बुजल्या आहेत. त्यांच्या दोन्ही कांठांचीं दप्तरें मात्र अजून एकमेकांपासून दूर, निरनिराळ्या माळ्यांवर पडून आहेत. ज्या वाचकांपाशीं अगर ज्यांच्या परिचितांपाशीं असे कागद असतील, त्यांनीं त्यांची यादी मालकाच्या अनुमतीनें करून प्रसिद्धीस द्यावी, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतों.